द्राक्षापासून बुचापर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा 'तांबडी वाइन कशी तयार होते' असे आम्ही सांगितले. चालक क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय आम्ही टाकलेले नाहीत, वाटेत भेटतीलच. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते यंत्रापाशी उभे राहून, फाटकावरच्या सभांत आणि लोकांनी उसन्या दिलेल्या पुस्तकांतून झाले. गेली काही वर्षे नाशिककडच्या वाइनच्या कारखान्यांत हंगामी काम करणाऱ्या लोकांच्या निमित्ताने आमचे तिकडे जाणे-येणे आहे. तेथे जे पाहिले आणि पाहून जे वाचावेसे वाटले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. आम्ही स्वतः घेतो की नाही, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी तो चहाच्या वेळी विचारावा.

वाइन ही वस्तू आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची पुस्तिका रचली. तीत सिमुल्ला नावाचे बंदर आहे, आणि ते आपले चौल असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच पुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे, आणि इटलीची पहिल्या पसंतीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची, असा बारकावाही आहे. घारापुरीच्या किनाऱ्यावर परदेशी रांजणांची खापरे सापडली. काही भूमध्य समुद्राकडची, आणि बरीचशी इराणच्या आखाताकडून आलेली, आतून डांबर फासलेली. माल झिरपू नये म्हणून ते डांबर. अशा रांजणांतून वाइन येत असावी असा तर्क आहे.

म्हणजे वाइन येथे उतरत होती, पण होत नव्हती. आपल्या दमट हवेत आणि पावसात द्राक्ष टिकत नाही. यावर आपल्याच एका समाजाने तोड काढली. अलिबागेत इस्रायल आळी आहे. बेने इस्रायल मंडळी, ज्यांना आपले आजोबा 'शनवार तेली' म्हणत, त्यांना शुक्रवारच्या संध्याकाळी प्रार्थनेसाठी द्राक्षाचा पेला लागतो. द्राक्ष नाही, तर काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्यांनी सरबत केले आणि त्यावर प्रार्थना म्हटली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिकडे द्राक्षाला तोटा नाही, तरी मनुकांचे सरबत करणारी घरे तेथेही आहेत.

परंतु मनुकांचे सरबत आंबत नाही. त्याला आंबायला वेळच देत नाहीत. आंबणे म्हणजे काय, हे आपल्याला माडीवरून अधिक नीट कळेल. भंडारी पहाटे माडावर चढतो, न उमललेली पोय बांधून ठोकून ठेवलेली असते, तिचे टोक धारदार कोयत्याने जरासे कापतो आणि मडके लावतो. ठिबकतो तो रस गोड असतो. मडक्याला आतून चुना फासला असेल तर तो गोडच राहतो, त्याला आपण नीरा म्हणतो. चुना नसेल तर खाली उतरेपर्यंतच त्याला फेस धरतो, दुपारी तो जिभेला झोंबतो, रात्री आंबट होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा सिरका होतो. मडक्यात, हवेत, झाडावर सर्वत्र यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव आहेत. ते साखर खातात आणि तिचे दोन वाटे करतात, एक मद्यार्क आणि दुसरा वायू. वजनाने पाहिले तर जवळजवळ निम्मे-निम्मे. हे काम जिवंत पेशींचे आहे, असे फ्रान्सच्या लुई पाश्चरने गेल्याच्या आधीच्या शतकात प्रयोगांनी दाखवले. १८९७ साली जर्मनीच्या बुख्नरने यीस्ट चिरडून नुसत्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केले आणि १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भंडाऱ्याला पारितोषिक मिळण्याचा प्रश्न नव्हता. त्याला मिळाला तो १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. झाडागणिक कर, छेदावयाच्या झाडावर सरकारी आकडा, आणि माडी कोणी विकावी याचा मक्ता. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा तर बापजाद्यांचा धंदा हाच गुन्हा ठरला.

येथे थोडे आडवळण घेतो. तांबडी वाइन आणि माडी यांत आंबण्याचे शास्त्र एकच आहे, यीस्टही बहुतेक एकाच कुळीचे. तरी २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे हा हेतू वाईट नव्हता. पण एकाच्या मडक्यावर आकडा आणि दुसऱ्याच्या टाकीला सवलत, हे आमच्या ध्यानात राहते. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचे ठरवले, त्यावर गदारोळ झाला आणि ते तसेच राहिले. त्या वेळी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे जाहीरपणे बोलले गेले. आमचे म्हणणे इतकेच की ७५० मिलिलिटरच्या बाटलीत शंभरात तेरा या प्रमाणाने मद्यार्क असेल, तर तो साडेसत्त्याण्णव मिलिलिटर होतो, आणि यकृत लेबल वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. उलट बाजूने, बेकायदा दारूतून गरिबाच्या पेल्यात काय येते, हे २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला दिसले. शंभरावर माणसे गेली, मद्याने नव्हे, मिथेनॉलने. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र सांगितल्या पाहिजेत. असो.

आता द्राक्षाकडे येऊ. आपण बाजारात जे लांबट, बिनबियांचे, गोड द्राक्ष घेतो, त्याची तांबडी वाइन होत नाही. वाइनचे द्राक्ष दिसायला गरीब असते. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि घड गच्च. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, झिनफांडेल ही त्यांची नावे नाशिककडच्या बायकांनी आपापल्या परीने सोपी करून घेतली आहेत. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याला झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळाची छाटणी. छाटण्या दोन, पीक एक. ते जानेवारीपासून मार्चपर्यंत उतरते, कारण तेव्हा दिवस कोरडे आणि रात्री थंड असतात.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड नावाचे औषध लावतात. तिकडे त्याला 'पेस्टिंग' म्हणतात. पेठ, सुरगाणा या भागांतून टेम्पोत बसून आलेल्या मजूर बाया-माणसांच्या हातांनी, फडक्याने नाहीतर स्पंजाने ते लावले जाते. या औषधाचा एक गुण मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ते अंगात गेले की पोटातले मद्य पचवण्याची शरीराची वाट अडते. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणसाने घोटभर घेतली, तरी तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. दारू सोडवण्याच्या औषधांतही हाच पदार्थ वापरला गेला आहे. म्हणजे वाइनचा वेल जो फुलवतो, त्याला त्या संध्याकाळी पेला वर्ज्य. हे त्याला कोणी सांगितलेले असते का? आम्ही पुष्कळांना विचारले. रबरी हातमोजे मिळालेले थोडे भेटले, आणि हे कारण माहीत असलेले त्याहून थोडे.

तोडणी पहाटे होते, द्राक्ष थंड असतानाच कारखान्यात पोचावे म्हणून. फाटकावर वजन होते आणि एका छोट्या नळीसारख्या यंत्राने रसाची गोडी पाहतात. तांबड्या वाइनला साधारण तेवीस-चोवीस अंश गोडी हवी. आकडा कमी भरला तर भाव कमी, नाहीतर गाडी परत. ते यंत्र घेणाऱ्याच्या हातात असते. माप कोणाच्या हातात आहे याला काय अर्थ असतो, हे १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप चालवणाऱ्या चरीच्या मुलखात आम्ही सांगायला नको. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली.

मग द्राक्ष यंत्रात पडते. देठ बाजूला होतात आणि मणी फुटतात. पायांनी तुडवण्याचे चित्र आपण पाहिलेले असते, पण आता ते काम रुळांचे आहे. येथे तांबड्या वाइनची खरी गोम आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून पांढराच असतो. मणी दाबून रस लगेच काढून घेतला, तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते. रंग सालीत आहे. आमसूल करताना कोकमाचा रंग कोठून येतो, ते आपल्या घरांत पोरालाही ठाऊक आहे. गर वेगळा आणि रंग सालीचा, म्हणून आगळ सालीचा करतात. जांभळाची जीभ रंगवणारी द्रव्ये आणि द्राक्षाच्या सालीतली द्रव्ये एकाच जातीची. म्हणून तांबड्या वाइनला साल आणि बी यांच्यासकट आंबवतात. रंग सालीतून, आणि कच्च्या सुपारीसारखा जो तुरटपणा घशाला जाणवतो तो साल आणि बी या दोहोंतून उतरतो.

हा सगळा लगदा पोलादी टाकीत जातो. थोडा गंधकाचा वायू देऊन नको ते जंतू दडपतात आणि बहुधा पाकिटातून आणलेले यीस्ट कोमट पाण्यात उठवून त्यात सोडतात. एक-दोन दिवसांत टाकी बोलू लागते. कान लावला तर आत पाऊस पडतो आहे असे वाटते. रस तापतो, तो तीसच्या वर फार जाऊ नये म्हणून टाकीभोवती गार पाणी फिरवतात, कारण फार तापला तर यीस्ट मरते आणि साखर अर्धवट राहते. वायूच्या बुडबुड्यांबरोबर साली वर येतात आणि त्यांचा हातभर जाड थर बसतो. तो थर तसाच राहू दिला तर वरून सुकतो, हवेने सिरक्याच्या वाटेला लागतो, आणि खालचा रस फिका राहतो. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा खालचा रस पंपाने वर नेऊन थरावर शिंपतात, किंवा लाकडी दांड्याने थर खाली दाबतात. दाबण्याचे काम आम्ही करून पाहिले. पाच मिनिटांत खांदे भरून आले. तेथला मुलगा हसून म्हणाला, "काका, अजून नऊ टाक्या आहेत."

आठ-दहा दिवसांत, कधी पंधरवड्यात, साखर संपते. एका लिटरमागे सतरा ग्रॅम साखरेला एक टक्का मद्यार्क, असा ढोबळ हिशेब आहे. मग खालून वाइन आपोआप वाहू देतात, आणि उरलेल्या साली पिळणीत घालून दाबतात. पिळून निघालेली अधिक तुरट असते, ती वेगळी ठेवून पुढे चवीप्रमाणे मिसळतात. एका बाटलीला एक ते सव्वा किलो द्राक्ष लागते.

यानंतर एक दुसरे आंबणे होते, आणि ते आमच्या आवडीचे आहे, कारण ते आईच्या विरजणासारखे आहे. कच्च्या सफरचंदात असते तसले करकरीत आम्ल द्राक्षातही असते. दह्यातल्या जंतूंचेच भाऊबंद ते आम्ल खाऊन त्याचे दह्यातले मऊ आम्ल करतात. वाइनचा तिखेपणा उतरतो. मग गाळ खाली बसू देतात, वरची निवळ दुसऱ्या भांड्यात घेतात, आणि चांगली असेल ती ओकच्या लाकडी पिंपांत, साधारण सव्वादोनशे लिटरच्या, काही महिने ते वर्ष-दोन वर्षे ठेवतात. लाकडातून किंचित हवा मिळते, तुरटपणा गोलाई घेतो. माडी तीन दिवसांत सिरका होते आणि वाइन वर्षे टिकते, यात जादू नाही. मद्यार्क दुप्पट-तिप्पट, आम्ल भरपूर, थोडा गंधक, आणि मुख्य म्हणजे भांडे काठोकाठ भरून हवा बाहेर ठेवलेली. शेवटी बाटली आणि बूच.

पिळणीआधीची एक पायरी आम्ही मुद्दाम मागे ठेवली. वाइन वाहून गेली की टाकीच्या तळाशी ओल्या सालींचा ढीग उरतो. खालच्या बाजूला जेमतेम माणूस शिरेल एवढे झाकण असते. कोणीतरी फावडे घेऊन आत जातो आणि तो ढीग बाहेर ओढतो.

मघाशी सांगितले की साखरेचा निम्मा वाटा वायू होतो. एका लिटर रसातून पन्नास-साठ लिटर वायू निघतो. दहा हजार लिटरच्या टाकीचा हिशेब आपणच करावा. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो वर जात नाही. टाकीच्या तळाशी, खोलगट जागी, नाल्यात साचून बसतो. त्याला रंग नाही. वाइनच्या वासाने भरलेल्या खोलीत त्याचा सुगावा नाकाला लागत नाही. हवेत शंभरात दहा झाला तर माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो, अधिक झाला तर दोन-चार श्वासांत. आणि पहिला पडला की दुसरा त्याला ओढायला आत जातो. मुंबईच्या गटारांत, गावच्या विहिरींत, खतांच्या टाक्यांत हेच घडत आले आहे. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत चांगली, पण पुरेशी नाही. वात विझण्याच्या आधीच हा वायू माणसाला धोक्याचा होतो.

यावर काय करावे ते कोणाला शोधून काढायचे नव्हते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात ते लिहिलेले होते. आत जाण्यापूर्वी जाणकार माणसाने हवा तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर श्वासाचे साधन द्यावे, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर असावा, दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात असावे. कायद्यांची नावे पुढे बदलली तरी वायूचे वजन बदललेले नाही.

एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही हे कलम मराठीत लिहून नेले. व्यवस्थापक सज्जन होते. म्हणाले, "आमच्याकडे पंखा आहे." पंखा होता. तो पिंपांच्या खोलीत होता. आत जाणारी पोरे कंत्राटदाराची. त्यामुळे ती कारखान्याची नव्हेत, आणि कंत्राटदाराच्या मते टाकी त्याची नव्हे. हंगाम फेब्रुवारीचा होता. आम्ही एवढेच सांगितले की दोर आणि बाहेरचा माणूस मिळेपर्यंत झाकणातून कोणी आत शिरणार नाही; साली लांब दांड्याच्या फावड्याने बाहेरूनच जमतील तेवढ्या निघतील. दोन दिवस काम रखडले. एका टाकीतला माल आंबूस होतो की काय अशी वेळ आली. आम्हालाही त्याचे वाईट वाटले, कारण तो माल कोणाच्या तरी शेतातून आलेला होता. तिसऱ्या दिवशी दोर आला, पट्टा आला, बाहेर उभा राहणाऱ्याचा रोज मान्य झाला. पंखाही टाक्यांपाशी आला.

हवा मोजण्याचे यंत्र यायला दुसरा हंगाम उजाडला. ते झाकणाशेजारी खुंटीला टांगलेले असते, मुठीएवढे, आणि आकडा वाढला की शीळ घालते. त्याचे सेल बदलण्याचे काम कारखान्याचे की कंत्राटदाराचे, याबद्दल बोलणी अजून चालू आहेत. तोवर सेल मुले वर्गणीतून आणतात.